तुम्ही विचारलंत म्हणून : किंचाळी कुणाची?

भुताचे सिनेमे मी वेगवेगळ्या डिस्कवर पुन्हा पुन्हा ऐकतो, हे ओळखीच्यांना ठाऊक झालंय. कॉलेज रोडला चहाला थांबलो की हमखास कुणीतरी विचारतं, "हॉरर डब केलेला बघायचा का? तो आवाज खोटाच ना?"

'खोटा' हा शब्द मला पटत नाही. 'द एक्झॉर्सिस्ट'मध्ये (१९७३) झपाटलेल्या रेगन या मुलीच्या तोंडून निघणारा तो घोगरा आवाज पडद्यावरच्या लिंडा ब्लेअरचा नाहीच. तो मर्सिडीज मॅककॅम्ब्रिज या रेडिओवर मुरलेल्या अभिनेत्रीचा, नंतर बसवलेला. म्हणजे ज्या आवाजाला जग घाबरलं, तोच मुळात डबिंग! 'सस्पिरिया'त (१९७७) तर नट सेटवर आपापल्या भाषेत बोलले आणि इंग्रजी, इटालियन दोन्ही ट्रॅक नंतर स्टुडिओत झाले. तिथे मूळ भाषा कुठली म्हणायची? मी इंग्रजी लावतो, कारण त्यात नायिका जेसिका हार्पर स्वतःच्या आवाजात बोलते.

भाषेआधी मी बघतो तो मिक्स, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज कसे मिसळलेत ते. 'एक्झॉर्सिस्ट' आला मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने येणारा. २००० साली वाढीव प्रसंगांसह परत आला तेव्हा आवाज नव्याने मिसळलेला होता. सुरुवातीला माळ्यावर काहीतरी खरवडतं आणि रेगनच्या आईला वाटतं, उंदीर असतील. मोनोमध्ये ती खरवड आणि आईची चाहूल एकाच जागेवरून येतात. नक्की कुठून, ते कळत नाही, म्हणून मीही तिच्यासारखा कान देऊन बसतो. सराउंडमध्ये, म्हणजे आवाज चहूबाजूंच्या स्पीकरमधून येतो तेव्हा, मागून खुडबुड झाली की मला आधी स्पीकर आठवतो, आणि भीती तिथेच उतरते. जुना ट्रॅक मिळत असेल तर तोच लावा, हा माझा आग्रह त्यासाठी.

आपल्याकडच्या जुन्या 'पाल' (PAL) या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कचाही एक घोळ आहे. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा त्यात २५ फ्रेमने पळतो. १२२ मिनिटांचा सिनेमा ११७ मिनिटांत आटोपतो आणि आवाज सुधारून घेतला नसेल तर सैतानाचा खर्जही पातळ होतो.

आता हिंदी डबिंग. संवाद काढले की उरतो संगीत आणि इफेक्ट्सचा ट्रॅक. सेटवर संवादासोबत टिपलेला श्वास, आवंढा, कपड्यांची सळसळ संवादाबरोबरच जाते. ती कुणीतरी पुन्हा मन लावून भरावी लागते. भयपटात माणूस बोलतो कमी आणि श्वास जास्त घेतो, म्हणून ही उणीव इथे फार बोचते. नवा आवाज बंद खोलीत, माइकजवळ घेतलेला असतो. त्याला घुमारा दिला नाही तर माणूस तळघरात आणि आवाज आपल्या कानाशी, असं होतं. किंचाळ्या मात्र पुष्कळदा मूळच्याच ठेवतात.

पंचवटीत मावशीकडे असाच एक झपाटलेल्या मुलीचा सिनेमा हिंदीत लावला होता. तिला इंग्रजी समजत नाही. मुलगी हिंदीत "मम्मी" म्हणाली आणि पुढच्याच क्षणी मूळ नटीच्या गळ्यातून किंचाळली. मला तो सांधा लगेच ऐकू आला, वाईटही वाटलं. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

"ही ती नव्हे रे," ती म्हणाली. "आत्ता दुसरंच कुणीतरी ओरडलं."