गाभ्याची गोष्ट सांगताना

पृथ्वीच्या पोटात काय आहे हे सांगताना मी थरांच्या आकृतीपासून सुरुवात करतच नाही. इंगे लेहमन या डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ बाईंपासून करते. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला आणि त्याच्या काही लहरी, जिथे पोचायलाच नको होत्या तिथल्या यंत्रांवर उमटल्या. संगणक नव्हता, बाईंनी नोंदी कार्डांवर लिहून ओटमीलच्या रिकाम्या खोक्यांत लावल्या. (इथे सगळे हसतात.) १९३६ मध्ये त्यांनी मांडलं, गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे!

मग हमखास कोणीतरी विचारतं, "पण आत जाऊन पाहिलं कोणी?" कोणीच नाही. रशियात कोला इथे संशोधनासाठी खणलेलं छिद्र जेमतेम १२ किलोमीटर खोल, आणि आतला गाभा सुरू होतो सुमारे ५,१५० किलोमीटरवर. या प्रश्नानंतर लहरी कशा वाकतात ते सांगायला खरी मजा येते.