कॉम्प्युटर म्हणजे कोम्पुतिलो

मी एस्पेरांतो शिकलोय हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ही तर 1887 सालची, एका माणसाने बनवलेली भाषा. मग कॉम्प्युटरला तिच्यात शब्द आला कुठून?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

वॉर्सातले डोळ्यांचे डॉक्टर झामेनहोफ यांनी मूळ शब्द मोजकेच दिले, आणि सोबत प्रत्यय दिले. त्यातला 'इल' साधनाचा. 'तोन्दी' म्हणजे कातरणं, 'तोन्दिलो' म्हणजे कात्री. 'कोम्बी' विंचरणं, 'कोम्बिलो' कंगवा. आपल्याकडे किसणी, चाळणी, लेखणी याच घडणीच्या. पण कापणी म्हटलं की आपल्याला शेत दिसतं, सुरी नाही. एस्पेरांतोत तसं होत नाही. 'त्रान्ची' कापणं, की 'त्रान्चिलो' सुरीच.

झामेनहोफ 1917 मध्ये वारले. पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली तेव्हा नाव ठरवायचं काम भाषा बोलणाऱ्यांवरच आलं. 'काल्कुलिलो' हा शब्द हाताशी होता, पण तो साध्या कॅल्क्युलेटरला बसतो. व्याकरणाचा पंधरावा नियम सांगतो की बहुतेक भाषांनी एकाच मुळातून घेतलेला शब्द फक्त स्पेलिंग बदलून तसाच घ्यावा. त्या आधारावर 'कोम्पुतेरो' आणि 'कोम्पुतोरो' पुढे आले. अडचण अशी की एस्पेरांतोचा वाचक शब्द सुटा करून वाचतो. 'एर' हा कणाचा प्रत्यय आहे: 'साब्लो' वाळू, 'साब्लेरो' वाळूचा कण. आणि 'ओरो' म्हणजे चक्क सोनं. यंत्राच्या नावात कणही नको आणि सोनंही नको.

मग लॅटिन 'कोम्पुतारे', म्हणजे हिशेब करणं, यातून आलेल्या 'कोम्पुती' या क्रियापदाला 'इल' जोडून 'कोम्पुतिलो' झाला, आणि तोच रुळला. मला तो इंग्रजीपेक्षा नेमका वाटतो. इंग्रजीत कॉम्प्युटर हे आधी आकडेमोड करणाऱ्या माणसाला म्हणत, नंतर यंत्राला. आपल्या 'संगणक'मधला 'क'सुद्धा लेखक-गायक यांच्यातलाच. एस्पेरांतोत मात्र धंदा करणाऱ्या माणसाचा प्रत्यय 'इस्त' वेगळा आहे, त्यामुळे 'कोम्पुतिलो' म्हटलं की ते साधन, कात्री-कंगव्याच्या रांगेतलं. त्याला यापेक्षा मोठा मान देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

माझा सगळ्यात लाडका शब्द मात्र डाउनलोडचा आहे: 'एल्शुती'. 'एल' म्हणजे बाहेर, आणि 'शुती' म्हणजे ओतणं, पण कोरडं काहीतरी: धान्य, वाळू. पाणी किंवा दूध ओतायला 'वेर्शी' हे निराळं क्रियापद आहे. म्हणजे ज्याने कोणी 'एल्शुती' घडवला त्याला डेटा पाण्यासारखा वाहणारा दिसला नाही; पोतं उलटं केल्यावर सांडणाऱ्या गव्हासारखा, दाण्यादाण्यांचा दिसला. शून्य आणि एकच्या राशीला हे किती चपखल बसतं! अपलोडला 'आल्शुती', कारण 'आल' म्हणजे 'कडे'.

मोबाईल 'पोश्तेलेफोनो': 'पोशो' खिसा, म्हणून खिशातला फोन. स्मार्टफोनचं अजून एकमत नाही. कोणी 'साज्तेलेफोनो', शहाणा फोन, म्हणतं. कोणी 'इन्तेलिगेन्ता तेलेफोनो'. मी दोन्हीसाठी 'पोश्तेलेफोनो'च वापरतो, कारण फोन कितीही शहाणा झाला तरी राहतो खिशातच.