आमचा कढीपत्ता कोण खातंय

चार वर्षांपूर्वी श्रावणात एकदा सासूबाईंनी सकाळी सकाळी हाक मारली, "अगं बघ जरा, तुझ्या कढीपत्त्यावर चिमणीने घाण केलीय." मी चहा टाकत होते, म्हटलं असेल, पुसते नंतर. नंतर फडकं घेऊन गेले तर ती घाण मगाशी होती तिथून दोन पानं पुढे सरकली होती.

फोटो काढून भावाला पाठवला, तो दर रविवारी दुर्बीण गळ्यात घालून कुठे ना कुठे फिरत असतो. त्याचा लगेच फोन, हात लावू नकोस, फुलपाखराची अळी आहे. लहान असताना ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, आणि जरा मोठी झाली की कात टाकून एकदम पोपटी हिरवी होते. कढीपत्ता, लिंबू, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडं आणि या कुळावर लाईम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही दोन फुलपाखरं अंडी घालतात. या दोघांच्या लहान अळ्या मला आजही धड वेगळ्या ओळखू येत नाहीत. सासूबाईंनी झाडूच्या काडीने तिला हळूच टोचलं तर तिने डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढली आणि असा काही उग्र आंबूस वास सोडला की आई दोन पावलं मागे. "बया, शिंगं पण आहेत हिला."

पुढच्या पंधरा दिवसांत एकाच्या पाच अळ्या झाल्या (आधीच होत्या, मलाच दिसल्या नव्हत्या) आणि बारा इंची कुंडीतला माझा कढीपत्ता पार बोडका झाला. काड्या फक्त. पोह्यांना एक पान नाही. सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या, कारण तो कढीपत्ता त्यांनी लालबागच्या चाळीतून डालड्याच्या डब्यात घालून आणलेल्या रोपाचा होता. पण मग पाचातल्या तिघींनी कोष केले, एक तर चक्क ग्रिलच्या सळईला, कमरेला रेशमाचा दोर बांधून झाडावर चढणारा माडवाला टेकून बसावा तशी. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी त्यातून ओलं चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि तासाभरात पंख सुकवून उडून पण गेलं. आई देवपूजा अर्धी टाकून बघायला आल्या होत्या.

दुसऱ्या कोषातून फुलपाखरू आलंच नाही. त्याला बारीक भोक पडलं आणि त्यातून मुंगीएवढ्या गांधीलमाश्यांसारखे किडे निघाले, एक नाही, मोजता येणार नाहीत इतके. मला फार वाईट वाटलं. भाऊ म्हणाला ही बाग त्यांची पण आहे, तू फक्त फुलपाखरांना आमंत्रण दिलं होतंस का?

तर इथून हे वेड सुरू झालं. आमचं घर मुलुंड पश्चिमेला, तिसरा मजला, समोर दोन टॉवरच्या मधून नॅशनल पार्कच्या डोंगराची एक पट्टी दिसते. बाग म्हणजे काय तर हॉलच्या खिडकीचं बॉक्स ग्रिल, बेडरूमचं त्याहून छोटं, आणि ऊन सकाळी साडेसात ते अकरा, बस्स. त्याआधी माझ्याकडे नर्सरीतून आणलेलं सगळं होतं, पिटुनिया, अरेका पाम, मनी प्लँट, बोगनवेल, आणि मला वाटायचं वा काय हिरवंगार आहे. पण त्यात आवाज नव्हता हो. म्हणजे कोणी येत नव्हतं. पान न् पान शाबूत, कॅटलॉगमधल्यासारखं.

मग वाचायला लागले तेव्हा कळलं की फुलातला मध प्यायला फुलपाखरू कुठेही जाईल, त्याला देशी विदेशी काही पडलेलं नाही, घाणेरीवर पण बसेल आणि ती घाणेरी अमेरिकेतून आलेली. पण अळी हे प्रकरण अतिशय चोखंदळ. झाड स्वतःला वाचवायला पानात कसली कसली रसायनं भरून ठेवतं, आणि ती पचवायची युक्ती अळ्यांच्या त्या त्या जातीने हजारो पिढ्यांत शिकून घेतलेली असते, एक-दोन कुळांपुरतीच. म्हणून मादी अंडं घालायच्या आधी पानावर पुढचे पाय आपटून आपटून चव घेते, हो, पायाने चव, चुकीच्या पानावर अंडं घातलं तर पोर उपाशी मरणार. आता बोगनवेल ब्राझीलकडची, गुलमोहर मादागास्करचा, ज्याच्या सावलीत मुंबईचे अर्धे रस्ते उभे आहेत तो रेन ट्री दक्षिण अमेरिकेचा. आणि मला सगळ्यात धक्का बसला तो सदाफुलीचा आणि झेंडूचा. सदाफुली मादागास्करची, झेंडू मेक्सिकोकडचा! दसऱ्याला दाराला तोरण लावतो तो झेंडू. हे मी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग चारशे वर्षं राहिला ना इथे, आता आपलाच." त्यांचंही चूक नाही. पानफुटी घ्या, ती पण मादागास्करची मानतात, पण आपलं रेड पिएरो नावाचं काळं-पांढरं-केशरी छोटं फुलपाखरू तिच्या जाड पानाच्या आत पोखरून राहतं. त्यामुळे मी अगदी कट्टर वगैरे झालेली नाहीये. झेंडू अजून लावते.

पण देशी झाडं आणायची कुठून आणि कुठली, हा प्रश्न होताच. नर्सरीत जाऊन "रुई आहे का" विचारलं तर त्या मुलाने मला वेड्यात काढलं. उत्तर मिळालं घरातच, गणपतीत. पत्रीची टोपली घेऊन मी निवडत बसले होते आणि एकेक जुडी सोडवताना डोक्यात दिवा पेटला. रुई - तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखराची अळी. कण्हेर - कॉमन क्रो. बेल - परत आपलं लाईम बटरफ्लाय. बोर - कॉमन पिएरो, ते पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं. डाळिंबाच्या तर फळातच एका निळ्या फुलपाखराची अळी शिरते, शेतकरी त्याच्या नावाने बोटं मोडतात. एकवीस पत्री म्हणजे (याद्या घराघरांत थोड्या वेगळ्या असतात, आणि देवदार काही मुलुंडच्या ग्रिलमध्ये येणार नाही) त्यातली बरीचशी फुलपाखरांच्या अळ्यांची खानावळच आहे. आजी-पणजींनी हे फुलपाखरांसाठी केलं असं मी म्हणत नाही, कृपा करून असले फॉरवर्ड बनवू नका. त्या गावाच्या आसपास जे उगवायचं ते वाहायच्या, एवढंच. पण म्हणूनच ती इथली झाडं आहेत ना!

रुई मला फुकट मिळाली. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा विकणाऱ्या मावशी बसतात, त्यांना विचारलं कुठून आणता, तर त्या म्हणाल्या रेल्वेलाईनच्या कडेला पाहिजे तेवढी आहे. बोंडं फुटायला आली की कापसासारख्या शेपट्यांच्या बिया उडतात, त्यातल्या चार त्यांनी मला आणून दिल्या, दोन रुजल्या. एक सांगते, रुईचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर त्रास होतो, तोडताना हातमोजे घाला, आणि कण्हेर तर सगळीच विषारी, घरात रांगतं मूल असेल तर लावूच नका. प्लेन टायगरची अळी मात्र तोच चीक पचवून ते विष अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरू झाल्यावर पक्षी त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ते इतकं निवांत, आळसावून उडतं. बघा कधी, बाकीची फुलपाखरं लोकल पकडायला निघाल्यासारखी आणि हे आपलं शतपावली करतंय.

टाकळा असाच आला. पावसाळ्यात रानभाजी म्हणून आणलेल्या जुडीत मुळासकट दोन रोपं होती, खोचली कुंडीत, तर महिन्याभरात पिवळी छोटी फुलपाखरं हजर. अडुळसा गावाहून फांदी आणून लावला, आता मोठ्या बादलीत आहे. अबोली होतीच.

आणि चुका म्हणाल तर ढिगाने. पहिल्या वर्षी हौसेने एका नर्सरीतून मस्त टवटवीत लिंबाचं रोप आणलं, कढीपत्त्यावर गर्दी झाली म्हणून चार अळ्या उचलून त्याच्यावर ठेवल्या. दोन दिवसांत चारही काळ्या पडून लोंबकळत होत्या. विक्रीच्या रोपांवर औषध मारलेलं असतं आणि काही औषधं झाडाच्या रसातच मुरतात, वरून धुऊन जात नाहीत, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. आता नवीन रोप आणलं की तीन-चार महिने नुसतं वेगळं ठेवते आणि नवी पालवी आल्यावरच पाहुण्यांच्या पंगतीत घेते. नीमतेल पण असंच, सेंद्रिय आहे म्हणून मी सगळीकडे फवारत होते, अहो ते अळीला कसं कळणार की आपण फक्त पिठ्या ढेकणाला मारतोय. आता पिठ्या दिसला तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, तेवढ्याच फांदीला.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचा विषय वेगळाच. पाणी टपकतं त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, मग कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या, तर ताटलीत पाणी साठून डासांची भीती, डेंग्यूचं नाव काढलं की सोसायटीत कोणी ऐकून घेत नाही आणि बरोबरच आहे ते. शेवटी ताटल्यांत वाळू भरली, पाणी तिच्यात मुरतं, वर साठत नाही. पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं आहे ते रोज सकाळी रिकामं करून घासून भरायचं, हे काम नवऱ्याचं. दाणे मात्र ठेवत नाही. दाणे ठेवले की मुंबईत कोण येतं ते सगळ्यांना माहितीय, आणि एकदा कबुतरं आली की मग जाळी लावा, आणि जाळी लावली की बाकीचे कोणीच नाहीत.

दाणे न ठेवता पण आले. मागच्या वर्षी फेब्रुवारीत कपडे वाळत घालायच्या तुटक्या दोरीला कचऱ्याचा पुंजका लोंबायला लागला, कोळ्याची जाळी, वाळकं गवत, झाडाच्या सालीचे तुकडे, कागदाचा कपटा. कामाला येणाऱ्या ताईंनी झाडू उगारला होता तेवढ्यात त्यातून बाकदार चोच बाहेर आली. शिंजीर! पिवळ्या पोटाची, जेमतेम अंगठ्याएवढी. घरटं मादीच बांधते, बाजूने दार आणि दारावर चक्क छोटंसं छप्पर. पुढचा दीड महिना आमच्या हॉलची ती खिडकी बंद, पडदा अर्धा, कपडे बाथरूममध्ये वाळत, मुलाच्या बोर्डाच्या परीक्षेलाही घरात इतकी शांतता नव्हती. अंडी दोन. साधारण दोन आठवडे ती बसली आणि पिल्लं आल्यावर दोघं नवरा-बायको खेपा घालायला लागले.

मला वाटायचं शिंजीर म्हणजे मध पिणारा पक्षी, पिल्लांनाही मधच देत असेल. तर नाही. पिल्लांना वाढायला मांसाहारच लागतो, कोळी, बारीक किडे, कोवळ्या अळ्या. शिंपी, बुलबुल, दयाळ, चिमणीसुद्धा, स्वतः काहीही खात असोत, पिल्लांच्या तोंडात मुख्यतः किडेच घालतात. म्हणजे ज्या ग्रिलमध्ये एकही पान खाल्लेलं नाही तिथे पिल्लांनाही काही नाही. एके दिवशी मी रोज मोजत होते त्यातली एक अळी शिंप्याने माझ्या डोळ्यांदेखत उचलली. शिव्या घातल्या त्याला. मग गप्प बसले.

आता पुढचा लढा सोसायटीच्या मागच्या पट्टीसाठी आहे. कंपाउंडला लागून तीन फूट रुंद माती आहे, तिथे दर दोन वर्षांनी ड्युरांटा आणि क्रोटन लावतात आणि माळी महिन्यातून एकदा ते भिंतीसारखं सपाट कापतो. मी मीटिंगमध्ये म्हटलं कोरांटी, धायटी, एक कोपरा टाकळ्याला देऊया. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, टाकळा तर आम्ही पैसे देऊन उपटून घेतो." मी त्यांना एका रविवारी धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात घेऊन गेले, एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकायचे आणि आता आत शिरलं की मिठीच्या काठावर आहोत हे विसरायला होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "साप येतील का?" मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. ठाण्याला घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी, म्हणजे फुलपाखरांची बाग, ती पण दाखवायची आहे त्यांना, तिथे पावसाळ्यानंतर गेलं तर निळं-काळं ब्लू मॉर्मन दिसायची बरीच शक्यता असते, आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ पासून. आमच्या ग्रिलजवळून ते दोनदा गेलं, थांबलं नाही. लिंबाच्या कुळावर तेही अंडी घालतं म्हणून मी एक माकडलिंबूचं रोप शोधतेय, कोणाकडे असेल तर कळवा.

कढीपत्त्याचं म्हणाल तर सासूबाई आता भाजीवाल्याकडून घेतात. घरी झाड असून? असं शेजारच्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "ते त्यांचं आहे." परवा जुडी निवडताना त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक पान वेगळं काढलं, त्याच्यावर मोहरीपेक्षा लहान पिवळसर गोळी होती. फोडणीत तेल तापलेलं, मोहरी तडतडायला लागलेली, आणि त्या मला ओरडून सांगतायत, गॅस बंद कर आधी, आणि हे पान टाचणीने कुंडीतल्या झाडाला लावून ये.