डॅमसेल सगळ्यात शेवटी आणा

दुकानदार हमखास सांगतो, "टाकी नवी आहे ना? मग आधी डॅमसेल सोडा, तो मरत नाही." समुद्राच्या खाऱ्या पाण्यातला बोटाएवढा निळा मासा, शेपटी पिवळी, इतरांपेक्षा स्वस्त. मरत नाही हे बरंचसं खरं आहे. पण नव्या टाकीतला अमोनिया त्याचे कल्ले जाळतोच, आणि पहिला आल्यामुळे तो अख्ख्या टाकीचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेतो. मागून येणारा प्रत्येक मासा मग त्याच्या लेखी अतिक्रमण.

त्यामुळे आधी पाणी. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढ्याच उंच टाकीत दगड-वाळू जाऊन साधारण 100 लिटर पाणी मावतं. बोअरचं पाणी चालत नाही. 900 टीडीएसचं (म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं) पाणी घरच्या आरओतून 50-90 वर येतं, वर त्यातला टीडीएस कंट्रोलर मुद्दाम कच्चं पाणी मिसळतो. तो बंद करा, पुढे उरलेले क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी जोडा, टीडीएस मीटरवर 0 ते 5 दिसायला हवं. नव्या बादलीत आधी पाणी घ्या, मग पंप चालू ठेवून मरीन सॉल्ट (समुद्री टाकीसाठीचं तयार मीठ) थोडं थोडं टाका, लिटरमागे 35 ते 40 ग्रॅम. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम खाली बसतं आणि पाणी दुधाळ होतं. घनता 1.025. बादली मोरचूद कालवलेली नको. तांब्याच्या अंशानंसुद्धा टाकीतल्या कोळंब्या आणि गोगलगायी मरतात. फवारणी करून आलेला हात तर टाकीत घालूच नये.

मग कच्च्या झिंग्याचा पेराएवढा तुकडा जाळीच्या पिशवीत टांगून सडू द्या, त्यातून निघणाऱ्या अमोनियावर तो पचवणारे जिवाणू वाढतात. चार ते सहा आठवड्यांनी अमोनिया आणि त्यातून होणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार.

खरी परीक्षा नवतप्यात, मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत. पाणी 24 ते 27 अंश हवं आणि बाहेर 45. आपली हवा कोरडी, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा मारलेला छोटा पंखा 3-4 अंश सहज उतरवतो. कूलरच्या खोलीत तेवढं पुरतं. श्रावणात दमट हवेत हाच पंखा निम्मंही काम करत नाही, पण तेव्हा तेवढी गरजही नसते. काचेचं झाकण काढून मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, डॅमसेल उडी मारतो. पंख्यामुळे रोज 3-4 लिटर पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. तीन दिवस दुर्लक्ष झालं की 1.025 चं 1.028 होतं. भर घालायची ती फक्त आरओच्या पाण्याची, रोज, काचेवरच्या खुणेपर्यंत. खाऱ्या पाण्याची भर घालणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

लाईन गेली की आधी प्राणवायूची काळजी. 25 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, खाऱ्यात पावणेसातच्या आसपास, आणि तापलेल्या पाण्यात आणखी कमी. इन्व्हर्टरवर पहिला पाणी ढवळणारा वेव्ह पंप, दुसरा पंखा. दिवा नाही. चार-पाच तास बंद राहिलेला कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) उघडून धुतल्याशिवाय चालू करू नका, आतलं सडकं पाणी थेट टाकीत येतं.

आता डॅमसेल, बाकीचे मासे सोडून झाल्यावर. पिवळ्या शेपटीचा यलोटेलच घ्या, आणि एकच. काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा डोमिनो डॅमसेल लहानपणी गोंडस दिसतो. वाढून 14 सेंटिमीटरचा झाला की तीन फुटी टाकीत कुणालाच राहू देत नाही. दगड आधी काचेवर टेकवा, वाळू नंतर ओता, कारण हा बिळाखालची वाळू उपसतो आणि वरचे दगड कोसळतात. दगड सिरॅमिकचे, पोवळं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहे.

डॅमसेल असताना नवा मासा आणायची वेळ आलीच, तर दगडांची मांडणी मोडून नवी करा, म्हणजे त्याची हद्दच पुसली जाते. नव्याला चार-पाच दिवस जाळीच्या टोपलीत तिथेच टांगा. डॅमसेलचं टोपलीवर धडका मारणं थांबलं की सोडा. सोडल्यावर नवा मासा वरच्या कोपऱ्यात चिकटून बसला, पंख फाटके दिसले, तर डॅमसेलच बाहेर काढा. जाळ्यानं तो सापडत नाही. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत खाद्य ठेवा, बाटली त्याच्या बिळासमोर आडवी करा. ती आपल्या हद्दीत आली म्हणून तो भांडायलाच आत शिरतो.