ई६० एम५ची ॲव्हरेज-वही: टाकी ७ ते ११

मंडळी, माझ्या बीएमडब्ल्यू एम५ची (ई६० पिढी, दहा सिलिंडरचं व्ही१० इंजिन) ही पेट्रोलची वही. आधी सातवी आणि आठवी टाकी निकालात काढतो. सातवीला लिटरला ६.५ किलोमीटर आलं आणि दोन दिवस मी हवेत होतो. आठवीला ५.६. गाडी तीच, रस्ते तेच, पायही तोच. सातव्या वेळी मी नेहमीचा पंप सोडून दुसरीकडे भरलं होतं आणि तिथलं नोझल टाकी पूर्ण भरायच्या चार-एक लिटर आधीच आपोआप कट झालं होतं. ते चार लिटर आठवीच्या नावावर चढले. दोन्ही टाक्या एकत्र मांडल्या तर ६६० किलोमीटर, ११० लिटर, म्हणजे ६.०. चमत्कार संपला. तेव्हापासून एकच पंप, पहिल्या कटला थांबायचं, आणि एकट्या टाकीच्या आकड्यावर नाचायचं नाही.

डॅशवरचा कॉम्प्युटर या काळात ६.४ दाखवत होता. म्हणजे जवळजवळ सात टक्के लाडाचे. त्याच्यावर विसंबून कुणी ॲव्हरेज सांगत असेल तर मनातल्या मनात कापून घ्या.

कंपनीचा आकडा १०० किलोमीटरला १४.८ लिटर, म्हणजे लिटरला ६.८. तोही जुन्या युरोपीय चाचणीतला, जी मुळातच मवाळ होती. तेव्हा मिश्र वापरात ६ म्हणजे इंजिन आजारी नाही, एवढं समाधान.

नवव्या टाकीत पॉवर बटणाचा निकाल लावला. गाडी सुरू झाली की पी४०० मध्येच असते, म्हणजे ४०० हॉर्सपॉवरच्या मर्यादेत; बटण दाबलं की पी५००, म्हणजे पूर्ण ५०७ हॉर्सपॉवर. पी४०० मध्ये पेट्रोल वाचतं, हे मी इतक्यांदा ऐकलंय की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. रिकामा हायवे, तोच पट्टा, क्रूझ कंट्रोल लावून जाऊन-येऊन तीन-तीन फेऱ्या. पी४०० ला ७.४, पी५०० ला ७.३. एवढा फरक तर वाऱ्याच्या झुळकीनेही पडतो. आणि पडावा तरी का? सपाट रस्त्यावर १२० च्या वेगाला या गाडीला साधारण ३० हॉर्सपॉवर पुरते. वरची मर्यादा ४०० असो की ५०७, आपण तिच्या आसपासही नसतो. गर्दीत मात्र फरक दिसतो, पण तो हॉर्सपॉवरच्या मर्यादेचा नाही. पी५०० स्पोर्ट या आणखी आक्रमक सेटिंगमध्ये ॲक्सिलरेटर इतका तिखट होतो की गाडी उगाच झेपावते आणि लगेच ब्रेक मारावा लागतो.

त्याच पट्ट्यावर ९५ धरून पाहिलं. ८.७ मिळालं. १२० ला ७.३. खरं सांगायचं तर मला जास्त फरक अपेक्षित होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. माझ्या हिशेबाने किलोमीटरमागे लागणारी ताकद ४० टक्क्यांच्या वर वाढायला हवी. पेट्रोल मात्र १९ टक्केच जास्त गेलं. कारण हे इंजिन हळू चालतानाही खातच असतं. दहा पिस्टनचं घर्षण, जवळजवळ मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढायची मेहनत, आणि सातव्या गिअरलाही १०० च्या वेगाला २३०० च्या आसपास आरपीएम. ९५ ला चाकांपर्यंत जेमतेम १६-१७ हॉर्सपॉवर जाते. बाकी संसार इंजिनाचा स्वतःचाच.

मग साहजिकच डोक्यात आलं, आरपीएम आणखी खाली आणू. दहाव्या टाकीत ६० लाच सातवा टाकायला लागलो, १४०० वर, आणि तिथूनच दाबून उचलायचं. सिद्धांत बरोबर आहे, थ्रॉटल जास्त उघडतं, ओढण्याचा तोटा कमी होतो. ०.२ चा फायदाही दिसला. पण या इंजिनाची रॉड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे जोडतो तिथली) लवकर झिजतात, हे दुखणं या गाडीवाल्यांना माहीत आहे, आणि कमी आरपीएमवर भार टाकणं म्हणजे तेलाचा थर पातळ असताना बेअरिंगला दाबणं. गाडीची घरघर पायाला जाणवत होती. चार दिवसांत बंद केलं. लिटरमागे दोनशे मीटर वाचवून इंजिन उघडायची वेळ आणणं माझ्या हिशेबात बसत नाही. आता भार द्यायचा तर २५०० च्या वर.

अकराव्या टाकीने मात्र डोळे उघडले. आठवडाभर फक्त जवळच्या फेऱ्या होत्या, चार-चार किलोमीटरच्या, प्रत्येक वेळी थंड इंजिन. अंतर २१६, पेट्रोल ६०. लिटरला ३.६! सुरुवातीला विश्वास बसेना, गळती आहे का म्हणून खालून वाकूनही पाहिलं. गळती नव्हती. या इंजिनात नऊ लिटरच्या वर तेल आहे, तेही १०डब्ल्यू-६०, म्हणजे थंडपणी काकवी. ते नीट तापायला माझ्या गाडीत पंधरा किलोमीटर लागतात. टॅकोमीटरवरचे, आरपीएम कुठवर न्यायचं ते दाखवणारे पिवळे-लाल दिवे तोवर हळूहळू वर सरकत राहतात, ते काही शोभेसाठी नाहीत. चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापायच्या आतच आपण किल्ली काढतो. धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट तापवण्यासाठी सुरुवातीला जास्तीचं पेट्रोल जातं ते वेगळंच.

म्हणून त्याच कामांची माळ ओवून पाहिली. एकदाच निघायचं, लांबचं काम आधी, जवळची परतीला. अर्ध्या टाकीपर्यंतचा हिशेब ४.९ आहे. टायरमधल्या हवेचा दाब, बटण, वेग, या सगळ्यांनी मिळून जे दिलं नाही ते या एका सवयीने दिलं.

छोट्या नोंदी दोनच. उतारावर न्यूट्रल नको. गिअरमध्ये पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाही पेट्रोल लागतं. आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर माझ्या ओबीडी रीडरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) तासाला दोन लिटरच्या आसपास दिसतं.

पुढच्या पिढीच्या एम५चा, म्हणजे एफ१० चा आकडा एकदा वाचला आणि वही मिटून ठेवली होती. ५६० हॉर्सपॉवर आणि तरी १०० किलोमीटरला ९.९ लिटर, आठ सिलिंडर आणि दोन टर्बोंच्या जोरावर. सिग्नलला इंजिन आपोआप बंदही होतं. हेवा वाटतो, पण ८२५० आरपीएमपर्यंत चढणारा तो व्ही१० चा आवाज तिच्याकडे नाही.

बारावी टाकी परवा भरलीय. पुढची चाकं आतल्या बाजूने झिजलेली दिसतात, आधी अलाइनमेंट करून घेतो, मग ९५ आणि १२० च्या फेऱ्या पुन्हा. काल इंजिन पूर्ण तापल्यावर एकदा शेवटपर्यंत नेलीच. ते नऊ किलोमीटर वहीत लाल शाईने लिहिलेत.