रंकाळ्यातला ळ

रविवार, रात्री साडेदहा

आज दिवसभर पाऊस. रंकाळ्यावर फेरी मारायला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. म्हणून भाच्याचा हट्ट पुरा करायला घेतला. पांढऱ्या टी-शर्टवर ‘रंकाळा’ हवं होतं त्याला. शर्ट परवाच धुऊन ठेवलेला. नव्या कापडाची खळ गेल्याशिवाय रंग धाग्यात शिरत नाही.

साच्यासाठी आण्णांच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रे फिल्म काढल्या. इतकी वर्षं टाकवल्या नव्हत्या. अक्षरं आखली, कटर फिरवला. ‘क’ कापला आणि त्याच्या पोटातला तुकडा गळून पडला. ‘ळ’ची तर दोन्ही पोटं गेली. राहिली नुसती भोकं.

आण्णा उसाच्या ट्रॉल्या रंगवायचे. एकच नाव चार-पाच ट्रॉल्यांवर टाकायचं असलं की पत्र्याचा साचा कापायचे, आणि अक्षराच्या पोटाला दोन्हीकडून बारीक पट्टी सोडायचे. मी लहान होते. “अक्षर तुटलंय की ओ आण्णा,” म्हटलं तर म्हणाले होते, “त्या पट्टीवरच त्याचं पोट तरलंय, बाळ.” तेव्हा कळलं नव्हतं. दुसरी फिल्म घेतली, पट्ट्या सोडून कापली. एकही तुकडा पडला नाही.

शर्टात पुठ्ठा सरकवला, नाहीतर रंग पाठीवर उतरतो. स्पंज रंगात बुडवून आधी रद्दीवर टिपला, जवळजवळ कोरडा होईतो. मग दोघं मिळून साच्यावर सरळ वरून टिपत गेलो. घासलं की रंग कडेखाली शिरतो, हे भाच्याला एकदाच सांगावं लागलं. निळा एक पातळ हात, वाळल्यावर दुसरा. फिल्म उचलताना आम्ही दोघंही श्वास धरून होतो.

“आत्ती, लई भारी!”

त्याला उद्याच घालायचा होता. नाही म्हटलं. एरवी 24 तासांत वाळतो, पण या दमट हवेत परवापर्यंत हात लावायचा नाही. मग उलट्या बाजूनं गरम इस्त्री. रंगातला ॲक्रिलिकचा चिकट अंश उष्णतेनं धाग्यावर पक्का बसतो. त्यानंतरही तीन दिवस धुवायचा नाही. रुसून झोपलाय.

फिल्म ओल्या फडक्यानं पुसून आत्ता ट्यूबलाइटसमोर धरली. आण्णांच्या गुडघ्याच्या वाटीवर बरोबर ‘ळ’ आलाय.