लाइन फॉलोअर लॉग, आठवडा ३: वळण जमलं एकदाचं

लाइन फॉलोअर म्हणजे जमिनीवरची काळी पट्टी बघत स्वतःच चालणारा छोटा रोबोट, म्हणजे आमचा बॉट. मागच्या वेळी तो सरळ पट्टीवर चालला इथपर्यंत आलो होतो. या आठवड्यात वळणं घेतली, सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) लावला आणि अख्खा रविवार एका पिनमध्ये घालवला. भाचा आठवीत आहे, त्याची एक वर्गमैत्रीण पण येते, त्यामुळे हा लॉग नव्याने सुरू करणाऱ्यांना कळेल असा लिहितोय.

सामान तेच नेहमीचं. आर्डुइनो उनो (ज्यात कोड चालतो तो बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (उनोच्या इशाऱ्यावर बॅटरीची पॉवर मोटरला देणारा बोर्ड), दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअरवाल्या स्वस्त मोटर), ६५ मिमीची चाकं, पुढे एक कॅस्टर (कुठेही वळणारं छोटं चाक), पाच आयआर सेन्सरची पट्टी (इन्फ्रारेड प्रकाश परत किती येतो त्यावरून काळं-पांढरं ओळखणारी). सगळं पुण्यात तपकीर गल्लीतून आणलं. ट्रॅक म्हणजे जुन्या फ्लेक्सची पांढरी मागची बाजू आणि त्यावर काळी इन्सुलेशन टेप.

आधी पॉवरचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. मोटर सुरू झाली की उनो रीसेट व्हायचा. भाचा म्हणे मामा, कोड चुकलाय, आणि तासभर कोडच बघत बसला. मी मल्टीमीटर लावला तर ९ व्होल्टची ती चौकोनी बॅटरी मोटर सुटताक्षणी ढपकन खाली येत होती. मोटर जाग्यावरून हलताना चालतानापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते आणि त्या बॅटरीची तेवढा द्यायची ताकदच नसते, घरात पाण्याचा पंप सुरू झाला की दिवे मिणमिणतात ना तसंच. आता दोन १८६५० सेल (लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले लिथियम सेल) सिरीजमध्ये आहेत, फुल चार्जला ८.४ व्होल्ट. त्यातले साधारण २ व्होल्ट एल२९८एन स्वतःच खातो, म्हणजे मोटरला सहाच्या आसपास मिळतात, बीओ मोटरला पुरेत.

आणि ग्राउंड! उनो यूएसबीवर आणि मोटर बॅटरीवर ठेवून टेस्ट करताना दोघांचं ग्राउंड जोडायचं राहिलं आणि मोटर भलतंच काहीतरी करायला लागली. मुलांना असं सांगितलं की व्होल्टेज म्हणजे उंची, आणि एकजण तळमजल्यावरून मोजतोय नि दुसरा गच्चीवरून, तर आकडे जुळणार कसे? लगेच कळलं त्यांना.

आता रविवारची गोष्ट. अडथळा शोधायला पुढे सर्वोवर अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) बसवला, सर्वोची लायब्ररी (तयार कोड) टाकली, आणि डावी मोटर बंद. वायर बदलल्या, ड्रायव्हर बदलला, मोटर सरळ बॅटरीला लावून पाहिली तर मस्त फिरतेय. सर्वोची ओळ कोडमधून काढली की मोटर चालू, टाकली की बंद! कारण असं की उनोवर पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करता येतो अशा, पिना सहाच, ३, ५, ६, ९, १० आणि ११, आणि सर्वोची लायब्ररी आतला जो टायमर वापरते त्याच टायमरवर ९ आणि १० चं पीडब्ल्यूएम चालतं. सर्वो कुठल्याही पिनला लावा, ९ आणि १० वर अॅनालॉगराइट (पीडब्ल्यूएम देणारी कमांड) बंद पडणारच. आमच्या डाव्या मोटरचं एनेबल (ड्रायव्हरची वेग ठरवणारी पिन) ९ वर होतं, ते ५ वर नेलं, उजवं ६ वर, झालं काम. यातून मुलांना पीडब्ल्यूएम काय असतं ते खरं कळलं असं मला वाटतं, की उनो व्होल्टेज कमी करत नाही, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो आणि ० ते २५५ मधला आकडा म्हणजे त्यातला किती वेळ चालू. आमच्या मोटर ९० च्या खाली नुसत्या गुणगुणतात, फिरत नाहीत.

मग वळण. आधी साधं इफ-एल्स होतं, पट्टी डावीकडे दिसली तर डावीकडे वळ, उजवीकडे दिसली तर उजवीकडे. चालतं ते, पण बॉट पूर्ण वेळ डुलत जातो. म्हणून पाच सेन्सरना -२, -१, ०, १, २ असे आकडे दिले, काळ्यावर जो असेल त्याचा आकडा म्हणजे एरर, आणि जेवढी एरर मोठी तेवढं वळण जास्त. हा झाला पीआयडीमधला (चूक मोजून ती आपोआप सुधारत राहायची पद्धत) पी. एवढ्यानं वळण जमलं पण मधोमध आल्यावर पलीकडे जायचा, सायकल नवीन शिकणारं पोर हँडल जास्त फिरवतं तसा. त्यासाठी डी, म्हणजे एरर किती झपाट्यानं बदलतेय ते बघून आधीच हात आखडता घ्यायचा. आय, म्हणजे साचत गेलेल्या एररचा हिशोब, आम्ही ठेवलाच नाही, गरज पडली नाही. पट्टी पूर्ण सुटली तर शेवटची एरर लक्षात ठेवून त्याच बाजूला फिरायचं, ही एक ओळ टाकल्यावर काटकोनात पण पडत नाही आता.

डिले, म्हणजे कोडला ठरावीक वेळ थांबवणारी कमांड, त्याबद्दल एकच उदाहरण देतो. चाकाचा घेर साधारण २० सेमी, सेकंदाला दीड फेरी म्हणजे ३० सेमी. कोडमध्ये २०० मिलिसेकंदांचा डिले असेल तर बॉट ६ सेमी डोळे मिटून जातो आणि टेप जेमतेम पावणेदोन सेमी रुंद! भाच्याच्या वर्गमैत्रिणीनं हे गणित स्वतः वहीत केलं आणि सगळे डिले काढून मिलिस टाकलं, भारी वाटलं बघून. डिले म्हणजे दूध तापेपर्यंत गॅसपाशी उभं राहणं, मिलिस म्हणजे बाकीची कामं करता करता घड्याळाकडे बघणं. पल्सइन (अल्ट्रासॉनिकचा प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ मोजणारी कमांड) पण डिलेसारखंच थांबवून ठेवतं, म्हणून त्याला ६००० मायक्रोसेकंदांची मर्यादा घातली, आवाज तेवढ्यात जाऊन-येऊन १ मीटरचं अंतर मोजतो, आम्हाला तेवढं बास.

अजून एक अडचण आहेच. दुपारी चारला गॅलरीतून ऊन येतं आणि सेन्सरना सगळंच पांढरं दिसतं, उन्हात आयआर भरपूर असतो. सध्या पडदा लावून चालवतोय, पण सेन्सरच्या पट्टीभोवती काळ्या कार्डशीटची झालर लावून बघायचीय. टेपची चकाकी पण त्रास देते, कोणी मॅट टेप वापरली असेल तर कुठली ते सांगा, शनिवारी परत तपकीर गल्लीत चक्कर आहे.